जवळ उभा राहणारा

हा गृहस्थ बोलायला आला की इतका जवळ उभा राहतो, की मलाच मागे सरावं लागतं. मग तोंडावर श्वास सोडून विचारतो, "येतोय काय ओ वास?" सकाळी चहाचा येतो, दुपारी बांगड्याचा. दारू सोडल्यापासून अख्ख्या वाडीला त्याने ही तपासणी लावून दिली आहे.

तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सरकारी धक्क्यावर काम जमत आलं होतं, पण आत जायच्या पाससाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा. आणि पूर्वी पिऊन एकाचं डोकं फोडल्याची केस त्याच्या नावावर आहे. म्हणून त्याने राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. राखणदाराचा दगड माझ्या आवाराच्या दगडी गडग्यालगत आहे आणि या देवाला नारळाबरोबर बाटली लागते.

तो दगडापाशी उभा असताना नेमके दाखल्याच्या चौकशीचे हवालदार आले. बाटली त्याच्या हातात.

"देवाची आहे, साहेब."

"सगळ्यांची देवाचीच असते."

हात लांब करून, मान वळवून, श्वास रोखून त्याने सगळी बाटली दगडावर ओतली. थोडी हातावर सांडली.

हवालदारांनी मला विचारलं, "वागणूक कशी आहे यांची?"

"चांगली," मी म्हणालो.

"माझा दाखला होईल ना ओ, साहेब?" त्याने विचारलं. तोवर तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा होता, दोन्ही हात पाठीमागे धरून.