डाव्या हातातली काठी

नाटक संपलं की काकू आत यायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि मला म्हणायच्या, "पाठांतर मस्त हाय तुयं." बस्स. बाकीच्यांना "रडवलं रे बापा तुनं." मला मात्र पाठांतर. आता तुम्हीच सांगा, नटाला याहून मोठी शिवी असते का?

आमच्या अकोल्याच्या हौशी मंडळींत त्यांच्या शब्दाला परीक्षकापेक्षा वजन होतं. एकदा तरी त्यांनी मला दुसरं काही म्हणावं म्हणून मी झुरत होतो.

काकू जठारपेठेत आमच्या शेजारी राहायच्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पुढच्या खोलीत हातानं चालवायचं छापयंत्र आणि एक जाड, गुळगुळीत दगड. आमच्या प्रत्येक नाटकातला एक प्रसंग त्या दगडावर तेलकट खडूनं काढायच्या, शाई लावून कागदावर छापायच्या, मग दगड घासून पुढच्या नाटकासाठी कोरा करायच्या. त्या खोलीत सोफा का नाही असं कोणी म्हटलं तर म्हणत, "लोकायच्या घरी बसतो ना आमी."

एका नाटकात मी म्हातारा झालो होतो. अकोल्याचा प्रयोग झाला, रविवारी अमरावतीला होता. तिथे दाराशी लावायला काकूंनी माझंच चित्र छापलं. बघतो तर काठी डाव्या हातात. दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून त्या एरवी आधीच उलटं काढायच्या. या वेळी घाईत विसरल्या.

"आता दगड घासा, पुन्यांदा काढा, एवढा वेळ कुठी हाय? तूच हात बदल," त्या म्हणाल्या.

"अवो काकू, मले डाव्यानं चमचाबी धरता येत नाही."

"म्हातारा डावखुरा हाय. छापला ना मी."

हट्टी बाई! मी धुसफुसत सराव केला. चहा सांडला, बायको पोट धरून हसली.

अमरावतीत काठी निसटत होती, कपबशी थरथरत होती. सगळा जीव त्या हातात अडकलेला, त्यामुळे घोकलेली वाक्यं शोधत शोधत तोंडात आली. सभागृहात कोणी खोकलंही नाही.

काकू यंदा उन्हाळ्यात गेल्या. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, पण त्यांचा विषय निघाला की आधी हसूच येतं.

अमरावतीच्या त्या रात्री प्रयोगानंतर त्या आत आल्या. पाठांतराचा विषयच नाही. माझा धडधाकट डावा हात मांडीवर घेतला आणि मनगट चोळायला लागल्या.

"लई दुखते का रे?"

मी हो म्हणालो.