हजराभाभीची रुईची पिशवी

डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐकायचं, एवढ्याच कामासाठी मला यवतमाळला नेलं होतं आणि नेमकं तेवढंच माझ्याकडून झालं नाही. गोष्ट गेल्या सालची, एकसष्टची. आमच्या आर्णीच्या हाफिज टेलरांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. त्यांची बायको हजराभाभी दुकानात काज-बटण करायची. मी शेजारचा मॅट्रिक पास, शाळेत नवा मास्तर, म्हणून शहाणा. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, "हात तसाच पडू देऊ नका, रोज हलवा." माझं लक्ष खिडकीबाहेरच्या भज्यांच्या गाडीकडे. भाभीनं विचारलं, तसं मी ठोकून दिलं, "हात हलवायचा नाही. सांभाळायचा."

मग भाभीनं सांभाळला! पडलं शिंप्याचं घर. तिनं खांद्यापासून बोटांपर्यंत कापसाची रुई भरलेली पिशवी शिवली, तिला काजं केली. एक बटण कमी पडलं, तर माझ्याच सदऱ्याचं वरचं कापून घेतलं. "हात सुधरला का मियाँच लावून देतीन. उधार समज, कमलाकर."

पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या शोभा सिस्टरांनी ती पिशवी पाहिली. "हे अंगडं कोणी घातलं?"

"डाक्टरसाब बोलले ना."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

सिस्टरांनी भाभीला समोर बसवलं. चमच्याला चिंध्या गुंडाळून तो मियाँच्या उजव्या मुठीत दिला आणि डाव्या हातानं ती मूठ धरायला लावली. "आता तुम्ही भरवायचं नाही. ते खातील."

मियाँची जीभ अजून जड होती, तरी ते गरजले, "उल्टे हाथ से? तौबा!"

"खातो उजवाच. डावा नुसता सोबत जातो."

"अन् भुके राह्यले तं?" भाभी म्हणाली.

"राहू द्या थोडे."

परतीच्या मोटारीत भाभीनं ती पिशवी सोडवून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तू म्हने हलवू नको, हे सिस्टर म्हनते हलव. मोहल्ला म्हनते सेवा कर, हे म्हनते करू नको. खरं कोनाचं?"

"सिस्टरांचं."

"तुले काय मालूम? तुले तं भजे मालूम."

घरी खिचडीचं ताट समोर ठेवलं. चमचा एकदा कानाकडे गेला, एकदा दाढीत. मियाँनी तो भिरकावला. भिंतीपलीकडून नणंद जैबुनबी ओरडली, "अल्ला! शौहर को भूखा मारती!" भाभीचा हात आपसूक घासाकडे जायचा. शेवटी ती स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

तीच पिशवी आता रोज मियाँच्या मांडीवर असायची. तिची बटणं त्यांनी उजव्या बोटांनी सोडायची. मियाँ बटणांना शिव्या द्यायचे. भाभी मला विचारायची, "मी चांगली बायको का वाईट?" मी छताकडे पाहायचो.

ईदच्या आसपास एका दुपारी घास तोंडात गेला. अर्धाच. मियाँ चावत राहिले. भाभीला हसावं की रडावं कळेना. तिनं जैबुनबीच्या भिंतीवर धपका मारला. "देख ले!"

आता मियाँ चारचौघांत उजव्या हातानं जेवतात. सुई मात्र अजून बोटांत ठरत नाही. शाळेत हेडमास्तर रोज माझ्या उघड्या गळ्याकडे बघतात. परवा मी म्हटलं, "भाभी, तूच लाव ना ते बटण. एका मिनिटाचं काम."

"मी नाही लावत बापा," भाभी दोन्ही हात मांडीखाली घालत म्हणाली, "सिस्टरनं मना केलं."