हर्णेची सहप्रवासी

निवृत्तीनंतर मी खेडहून मुंबईला आले आणि एकटीच क्रूझला निघाले. पहिल्याच संध्याकाळी मोबाइलची रेंज गेली आणि मी घाबरून कठड्यापाशी आले. डेकवर शेजारी साठीची एक बाई कठडा घट्ट धरून उभी होती. लांबवर हर्णे बंदराचा किनारा पुसट दिसत होता.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते तर! नवरा माझा जन्मभर बोटीवर होता. त्याची बोट हर्णेसमोरनं जायची, तेव्हा मी बंदरावरनं हात हलवायची. घरी आला की म्हणायचा, दिसलीस हां!" ती किनारा न्याहाळत राहिली. "इथनं तर माणूस सोडा, घरसुद्धा दिसत नाय ओ ताई."

मीही डोळे बारीक करून किनाऱ्याकडे पाहिलं.

"लबाड मेला," ती हसली, तिने डोळे पुसले आणि माझा हात धरला. तिचा हात माझ्या हातापेक्षाही गार होता.