आधी विचारणाऱ्या, मग रागावणाऱ्या डॉक्टर बाई

दातांच्या डॉक्टर शैलजाताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्याबद्दल शिकलेली माणसं लिहितीलच. मी आरमोरीला त्यांच्या दवाखान्यात दाराशी बसून पेशंटची नावं लिहिते. मी पाहिलं तेवढंच सांगते.

पहिली ओळख वाईट दिवशी झाली. आमचे हे तळ्यावर मासे धरायचे. दाढ ठणकत होती म्हणून मी त्यांना घेऊन आले. तंबाखू-सुपारीच्या खऱ्याने काळे पडलेले दात पाहताच बाई रागावल्या. यांनी नुसता आ केला. सुई टोचताना दुखू नये म्हणून बाईंनी हिरडीला बधिर करणारं मलम लावलं. थोड्याच वेळात यांचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. बाईंनी लगेच मांडीत इंजेक्शन दिलं, स्वतःच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं आणि श्वास नीट होईपर्यंत यांचं मनगट सोडलं नाही.

हे बोलू लागल्यावर बाईंनी विचारलं, "याआधी असं झालं होतं का?"

"झालतं ना बाई. मेडिकलातून दातदुखीचं मलम आणून लावलो, तवा बी ओठ सुजला. मले वाटलं, खऱ्यातला चुना लागला."

"मंग मघाशी काऊन नाई सांगतलं?" मी म्हणाले.

"खऱ्याचं नाव काढलो असतो तं बाईनं आणखी झाडलं असतं!"

माझे दीर चिडून आले होते, सोबत गावातली माणसं. त्या सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, "चूक माझी. मी आधी विचारायचं सोडून आधी रागावले." लहान गावात एवढ्या बोलण्याने दवाखाना बसू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. मग यांना न चालणाऱ्या औषधाचं नाव त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

पुढे हे आजाराने गेले. बाईंनी मला कामावर बोलावलं. म्हणाल्या, "लोक मला घाबरतात. तुम्हाला सांगतील." परवाच एका आजीने मला कानात सांगितलं, मागे एकदा दातदुखीच्या मलमाने तोंड आलं होतं. "पण बाईले नोको सांगजो." मी सांगितलं. बाईंनी मलम लावलंच नाही. रागावल्या, पण दाढ काढून झाल्यावर.

ओठ सुजले त्या दिवसानंतर हे नऊ वर्षं जगले. लेकीचं लग्न केलं, नातवाला मांडीवर घेतलं. घर आता रिकामं वाटतं, पण ती वर्षं आम्हाला मिळाली, आणि ती बाईंमुळे मिळाली. बाई, तुम्हालाही पुष्कळ वर्षं मिळोत, धडधाकट शरीराची आणि आपल्या माणसांतली.