बॅटरीची अंघोळ

खंडेनवमीला मी बॅटरीला अंघोळ घातली.

आमची उजनी धरणाच्या पाण्यावर छोटी नाव आहे. तिच्या मोटारीची बॅटरी एक, जुन्या जीपची दुसरी. दोन्ही आकाराने सारख्या. ओळखायच्या त्या फक्त स्टिकरवरून. पूजेसाठी त्या लखलखीत हव्यात म्हणून मी तारेच्या घासणीने अशा घासल्या, की मळ गेला आणि स्टिकरही गेले! मग देवघरात घटासमोर मांडून झेंडूच्या माळा घातल्या आणि हळदीकुंकवाने पार मढवल्या.

सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अवो, यातली नावंची कुटली?"

"दोनी आपल्याच की!"

नवरात्र सुटलं की आमच्याकडे माशांवर उड्या पडतात. म्हणजे मोटार तयार हवीच. पण पूजेला मांडलेली वस्तू त्या दिवशी हलवायची नसते. मी धर्मही पाळला आणि धंदाही: लांब वायर ओढून देवघरातच चार्जिंग लावलं. नावेच्या बॅटरीला लहान चार्जर लागतो, जीपच्या बॅटरीला मोठा. कुठली कुठली ते कळेना, तेव्हा एकीला मोठा लावून टाकला. (भरायला मोठा बरा, असा माझा शास्त्रीय विचार!) शेजारी अखंड दिवा तेवत होता, सुमन वाती वळत होती आणि आई डोळे मिटून जप करत होती.

थोड्या वेळाने आईचं नाक हललं. मग भुवया. मग जपच थांबला.

"आरं, देवापशी सडकं अंडं कुनी आणलं?"

"आये, नवरात्रात अंडं कोन आणंल?"

"तूच! हितनंच वास येतोय, ह्या तुज्या डब्यातनं. उचल ते भायेर!"

"पूजेचं हाय, हलवू नये..."

"मग देवच हलवू व्हय? उचल!"

मी वाकलो, तेवढ्यात दारातून सुमनचा भाऊ ओरडला, "दाजी, थांबा! आदी बटन बंद!" तो चिंचोळी एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे, सणाला आला होता. त्याने बटण बंद केलं, चार्जरचे चिमटे काढले आणि पोट फुगलेली बॅटरी अंगणात लांब नेऊन ठेवली.

"ही नावंची. मोट्या चार्जरनं उकळली. ह्यातनं ग्यास निघतो दाजी, दिव्यानं भडकला असता!"

मी देवघराकडे पाहिलं. सुमन होती. आई होती. दिवा होता. मी तिथेच फतकल मारली.

मेहुण्याने आईला समजावलं, की वास बॅटरीचा होता.

"ब्याटरीला अंड्याचा वास? मला शिकीवतूस व्हय? नवरात्रात अंडं खाल्लंय त्यानं! त्याला म्हनावं, देवीपुडं नाक घास!"

नावेची बॅटरी गेली ती गेलीच. दसऱ्यानंतर मी वल्ही मारत मासे आणले, हाताला फोड आले, तरी गाणी म्हणत आणले.

पण त्याआधी, खंडेनवमीच्याच दिवशी, न खाल्लेल्या अंड्याबद्दल मी देवीपुढे नाक घासलं. इतकं मनापासून घासलं, की आई सुमनला हळूच म्हणाली, "एक न्हाय ग, चार-पाच तरी खाल्ली असत्याल!"