देवांना परत धाडणाऱ्या मावशी

आमच्या हिच्या मावशीइतकं मोबाइलला भिणारं माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचं नाही. बिबट्या परवडला, पण मोबाइल नको! मावशी शीळफाट्याजवळच्या एका गावात धवलारीण आहेत. म्हणजे आगरी लग्नात धवळे गाऊन लग्न लावणाऱ्या; त्यांच्या शब्दापुढे भटजीसुद्धा गप्प. मांडवात कुणी मोबाइल नुसता वर धरला की मावशींचा आवाज बंद. नवरा-नवरी बसेनात का हळद सुकेपर्यंत! एकदा नवऱ्याच्या मामाने वेळ बघायला म्हणून फोन काढला, तर मावशींनी तो हिसकावून तांदळाच्या डब्यात पुरला. मग अख्खं लग्न त्या तांदळातून रिंग वाजत राहिली आणि मामा डब्याभोवती घिरट्या घालत राहिले.

मी पडलो चिडवण्यात पटाईत. म्हटलं, "मावशी, चार गाणी रेकॉर्ड केली तर बिघडलं कुठे? मागे राहतील."

"गानी नाय ती, जावाय. हाका हायेत त्या. पयल्या धवल्यात देवांना बोलवायचं, शेवटच्यात हात जोरून घरी धारायचं. तुमच्या मोबाइलच्या डबरीतलं बटन कोनी पन दाबील. देव येतील. मांडव नाय, हलद नाय. मंग त्यांना परत कोन धारील?"

देवांना परत धाडणारा तो शेवटचा धवळा शिकायचा तर मांडवात त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, लग्नामागून लग्नं. दुसरी वाट नाही. लहानपणी आमची ही थोडे दिवस बसली होती, मग शाळा, नोकरी, डोंबिवली. पुढे कुणीच बसलं नाही.

आणि व्हायचं तेच झालं. कुणीतरी चोरून पहिला धवळा रेकॉर्ड केला आणि त्याचं डीजेचं गाणं झालं. मी आणि मावशी शीळफाट्यावर रिक्षात अडकलेलो. पुढे हळदीच्या मिरवणुकीचा डीजेवाला ट्रक, आणि त्यातून धाडधाड ठोक्यांवर मावशींचाच आवाज! मी खुळ्यासारखा म्हणालो, "मावशी, फेमस झालात की!" त्यांनी माझं मनगट धरलं.

"बोलावतान रं... सारखे बोलावतान."

उतरल्या, डोक्यावर पदर घेऊन स्पीकरसमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून शेवटचा धवळा म्हणू लागल्या. ट्रकपुढे नाचणाऱ्या पोरांना वाटलं, आजी रंगात आल्या. त्यांनी मावशींना मध्ये घेऊन नाच धरला. त्या नाचात मावशी डोळे मिटून देवांना घरी धाडत होत्या.

तेव्हापासून हेच व्रत. पाय थकले तसा त्यांनी चक्क मोबाइल जवळ केला, तोही सुनेने धरायचा, दोन हात लांबून. आमच्या गल्लीत ते गाणं वाजलं की मी फोन लावायचा आणि गॅलरीबाहेर धरायचा. पलीकडून मावशी गायच्या. शेजाऱ्यांना वाटे, मी नेटवर्क शोधतोय. एकदा मोह झाला. रेकॉर्डिंगच्या बटणावर अंगठा नेला, तोच पलीकडून आवाज, "जावाय, नको." मी अंगठा झटकन मागे घेतला. देवाबिवाला न मानणारा मी, त्या दिवसापासून भितो.

गेल्या महिन्यात मावशींना दम लागला म्हणून कल्याणला दवाखान्यात ठेवलं. त्याच संध्याकाळी समोरच्या गल्लीत हळद होती. मावशींचा तो खणखणीत आवाज आभाळभर हाका मारू लागला. मी फोन लावला. सून म्हणाली, "आईंना बोलता येत नाय हो." तरी तिने फोन त्यांच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास ऐकू येत होता, घरघरणारा.

हिने माझ्या हातातून फोन घेतला, गॅलरीबाहेर धरला आणि स्वतःच म्हणू लागली. लहानपणची अर्धीच ओळ आठवत होती. तीच पुन्हा पुन्हा म्हणत होती, रडत होती. पुढची ओळ मावशींकडे होती, आणि मावशींकडे दम नव्हता.

गाणं थांबलं. देव गेले की नाही, कुणास ठाऊक. आम्ही गॅलरीतला दिवा मालवला नाही. ही दाराशी पाट मांडून, पाण्याचा तांब्या ठेवून आली. मी हसलो नाही.