शनिवारवाल्यांचा पेपर

"कोणी आलं नाही तर मला सांगा, सर. मशीन रिकामं राहायला नको." एवढं बोलून झाल्यावरच मॅडम हातातला डबा माझ्या टेबलावर ठेवायच्या. तोवर डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून, गुडघे किंचित वाकवून उभ्या. ऑफिसची फरशी हलत नाही, यावर त्यांचा विश्वास नसावा.

त्याला कारण होतं. डोंबिवलीहून शीळफाट्याकडे येणारा रस्ता तुम्हाला माहीत असेल. डब्यात स्पंजमध्ये बसवलेली प्लास्टिकची प्लेट असे आणि तिच्या खळग्यांत मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक. हादरा बसला की ते बिघडायचे. म्हणून बसमध्ये जागा असली तरी मॅडम उभ्याने यायच्या. बसलं की हादरा थेट डब्याला, उभं राहिलं की तो गुडघे झेलतात, असं त्यांचं शास्त्र होतं. साठीला टेकलेली बाई तासभर अशी उभी राहते, म्हणून कंडक्टरही त्यांना ओळखत असे.

मी काही शास्त्रज्ञ नाही. आमच्या संस्थेत क्ष-किरणांचं एक महागडं यंत्र आहे. स्फटिकावर किरण सोडले की त्यातल्या प्रथिनाचा आकार कळतो. असं यंत्र एकेका कॉलेजला परवडत नाही, म्हणून ते सगळ्यांनी मिळून वापरायचं. त्यासाठी अर्ज करायचा, समितीने तो वाचायचा आणि मग तारीख मिळायची. ती तारीख लावायचं काम माझं. खुर्ची लहान होती, पण बरीच मोठी माणसं माझ्याशी गोड बोलत.

मॅडम गोड वगैरे बोलत नसत. त्या कोपरच्या. खाडीवरच्या कोळी घरातल्या, कल्याणच्या एका कॉलेजात शिकवायच्या. लहानपणी आईबरोबर खडकावरची कालवं काढायला जायच्या. आईची बोटं सोलून निघत, पण कालव दगड सोडत नसे. भर खाऱ्या पाण्यात हा कसला डिंक, हा प्रश्न त्यांनी तेव्हापासून धरून ठेवलेला. त्या डिंकातलं एक प्रथिन वेगळं करून त्याचे स्फटिक बनवायला त्यांना कितीतरी वर्षं लागली.

समितीने त्यांचा अर्ज दोनदा परत पाठवला. शेरा एकच होता: या स्फटिकांचं आधी कुठेतरी झालेलं मोजमाप जोडावे. आता मोजमाप करायचं तर यंत्र हवं आणि यंत्र हवं तर मोजमाप. मॅडम हसल्या होत्या. "म्हणजे आधी पोहून दाखवा, मग पाण्यात उतरू देतो. आमच्या खाडीत असं असतं तर आम्ही सगळे उपाशी मेलो असतो."

एक फट मात्र होती. कोणी ऐन वेळी आलं नाही, तर तो दिवस मी समितीला न विचारता जवळपास राहणाऱ्या कुणालाही देऊ शकत असे. त्यासाठी फोनशेजारी एक यादी चिकटवलेली होती. तिच्यात पहिलं नाव मॅडमचं. त्याच आशेवर त्या अधूनमधून डबा घेऊनच यायच्या, पण त्यांच्या वाट्याला दिवस आला नव्हता. त्या वर्षी मे महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि आमचा नियम असा की अर्जदार नोकरीत हवा. एप्रिलच्या शेवटी त्यांनी सांगितलं, इतके चांगले स्फटिक आजवर आले नव्हते. तीन आठवडे टिकतील, मग विरघळतील. मला फक्त अर्धा दिवस हवा, म्हणाल्या.

मेमधल्या एका शनिवारी सकाळी दहाला बाहेरगावच्या एका गटाचा फोन आला की त्यांचे नमुने खराब झालेत, येत नाही. अख्खा दिवस मोकळा. यादी हाताशी होती. मॅडम दीड तासात पोचल्या असत्या. आणि मग मला सात-आठपर्यंत बसावं लागलं असतं. माझ्याकडे ठाण्यात साडेचारच्या नाटकाची तिकिटं होती. याहून मोठं काही कारण नव्हतं. असतं तर हे लिहिताना बरं वाटलं असतं.

मी ऑपरेटरला घरी पाठवलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'वापरकर्ता उपलब्ध नाही.'

बाराच्या सुमारास त्यांचाच फोन आला.

"सर, आज कोणी गैरहजर?"

"नाही मॅडम, आलेत. मशीन चालू आहे."

"बरं झालं. रिकामं राहायला नको."

नाटक विनोदी होतं. बायको खूप हसली.

त्यानंतर महिनाभर एकही दिवस सुटला नाही. स्फटिक विरघळले. निरोप समारंभाला त्यांनी मला आग्रहाने कल्याणला बोलावलं. भाषणात माझं नाव घेतलं. हा माणूस नियमात राहूनही आमच्यासारख्यांसाठी फट शोधतो, असं म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, फारच विनयशील आहात हो तुम्ही.

नंतर बटाटेवड्याची प्लेट माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, त्या शनिवारी कोण होतं? त्यांचं चांगलं झालं का? खरं सांगायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. मी म्हणालो, दक्षिणेकडचा गट होता, छान झालं त्यांचं.

त्यांचा चेहरा खरोखरच उजळला. "चला, दिवस कुणाच्या तरी कामी आला. त्यांचा पेपर छापून आला की मला पाठवा हं. वाचेन मी."

मला वाटलं, विसरतील. त्या विसरणाऱ्या नव्हत्या. दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर विचारायच्या, शनिवारवाल्यांचा पेपर आला का? मी लिहायचो, अजून नाही, मॅडम. टिटवाळ्याला मुलाकडे राहायला गेल्या, तिथूनही विचारत राहिल्या. ठाण्याहून टिटवाळा काही फार लांब नाही. रविवारी जाऊन सांगून टाकू, असं मी दोन वर्षं ठरवत होतो.

आता यंत्र एक तासही रिकामं सुटलं तर मी यादीतल्या सगळ्यांना फोन लावतो. लोक म्हणतात, किती तळमळीचा माणूस. मला लाज वाटते.

दिवाळीनंतर त्यांच्या कॉलेजातून कळलं, मॅडम गेल्या. मी फोन उघडून आमचं शेवटचं बोलणं पाहिलं. गणपतीतलं होतं. त्यांचा नेहमीचा प्रश्न, माझं नेहमीचं उत्तर आणि त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "घाई नाही, सर. चांगल्या कामाला वेळ लागतो."